येतं सगळं, मग गुण कुठे जातात?

'मॅडम, नमस्कार. मी अंगणवाडी सेविका आहे. माझं शिक्षण बारावी, आर्ट्स. मुलगा यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम. गणितात चांगला आहे. पण पूर्वपरीक्षेत विज्ञान भाग १ ला ४० पैकी २१, भूगोलाला २३ आणि इतिहास-राज्यशास्त्राला १९ पडले. रात्री मी पुस्तक हातात धरून विचारते तेव्हा धडाधडा सांगतो. पेपर घरी आणला, तर पानंच्या पानं भरलेली आणि समोर अर्धा गुण, एक गुण. शिक्षक म्हणाले, उत्तरं मुद्देसूद नाहीत. म्हणजे नेमकं काय करायचं ते त्यालाही कळलं नाही, मलाही नाही. त्याचे वडील म्हणतात, विज्ञान समजून घ्यायचं असतं आणि इतिहास-भूगोल पाठ करायचा असतो, हा उलटं करतो. शेजारच्या मुलाने टेस्ट सिरीज लावलीय, सहा हजार फी आहे. लावू का? पेपरांचे फोटो सोबत पाठवतेय. तुमचं उत्तर त्याला दाखवलं तर चालेल ना?'
– एक आई, जळगाव जिल्हा

ताई, नमस्कार.

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसत्या पत्रावरून मी 'लेखनाचा सराव वाढवा' असं काहीतरी गुळमुळीत लिहून मोकळी झाले असते. तिन्ही पेपर वाचले. मुलाचं अक्षर चांगलं आहे, शुद्धलेखनही बऱ्यापैकी आहे, आणि तुम्ही म्हणता ते खरंच आहे, त्याला येतं. पण प्रश्नात ओळखीचा शब्द दिसला की तो धडा लिहायला लागतो. विचारलंय काय, हे बघायला थांबतच नाही. त्याचे गेलेले गुण बरेचसे या एका सवयीने गेलेत.

राज्यशास्त्रातला 'विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' हा प्रश्न बघा. विधान होतं, 'माहितीच्या अधिकारामुळे शासनाच्या कारभारातील गोपनीयता वाढली आहे.' त्याने लिहिलंय, 'बरोबर.' त्याखाली पाऊण पान मजकूर. कायदा २००५ साली आला, कोणीही नागरिक अर्ज करू शकतो, साधारण ३० दिवसांत माहिती द्यावी लागते, शासन लोकांना उत्तरदायी होतं. एकेक वाक्य खरं आहे, आणि गुण शून्य. गंमत म्हणजे त्याने जे लिहिलंय त्यानेच ते विधान चूक ठरतं! 'माहितीच्या अधिकारामुळे' एवढं वाचून त्याचं पेन सुरू झालं. 'गोपनीयता वाढली' इथपर्यंत नजर गेलीच नाही. आता याच प्रश्नाचं दोन गुणांचं उत्तर केवढं, पाहा: 'चूक. २००५ च्या कायद्याने नागरिकांना शासनाकडे माहिती मागण्याचा हक्क मिळाला. त्यामुळे शासनाला कारभाराची माहिती दडवून ठेवणं अवघड झालं आणि गोपनीयता कमी होऊन पारदर्शकता वाढली.' संपलं. या प्रकारच्या प्रश्नात आधी निर्णय, मग कारण. निर्णय चुकला की खालच्या कारणाला गुण मिळतील अशी आशा ठेवू नये.

तिन्ही पेपरांत त्याची सगळ्यात जास्त पडझड 'का' विचारणाऱ्या प्रश्नांत झालीय. विज्ञानात 'शास्त्रीय कारणे लिहा', भूगोलात 'भौगोलिक कारणे लिहा', इतिहासात 'विधान सकारण स्पष्ट करा'. मुलांना हे तिन्ही सारखेच वाटतात, कारण तिन्हीत 'कारण' आहे. पण परीक्षक प्रत्येक ठिकाणी वेगळी गोष्ट शोधत असतो. हे जरा सावकाश सांगते, कारण गुणही इथेच अडकलेत.

विज्ञानात आलं होतं, 'सोडियम नेहमी केरोसीनमध्ये ठेवतात.' तुमच्या मुलाचं उत्तर असं: 'सोडियम हा मऊ धातू आहे. तो सुरीने कापता येतो. तो चकाकतो. तो अतिशय क्रियाशील आहे. म्हणून तो केरोसीनमध्ये ठेवतात.' दोनपैकी अर्धा गुण, आणि तोही 'क्रियाशील' या शब्दाचा. मऊपणा, सुरी, चकाकी हे धातूंच्या धड्यातलं आहे, प्रश्नातलं नाही. शास्त्रीय कारणात साखळी लागते. पदार्थाचा कोणता गुणधर्म किंवा कोणता नियम इथे लागू होतो, त्यामुळे काय घडतं, आणि म्हणून आपण काय करतो. एक कडी निसटली की गुण निसटतो. सोडियम इतका क्रियाशील आहे की साध्या तापमानालाच हवेतल्या ऑक्सिजनशी आणि बाष्पाशी त्याची अभिक्रिया होते, तो पेटू शकतो. ही पहिली कडी. दुसरी त्याने लिहिलीच नाही: मग केरोसीनच का? केरोसीनशी सोडियमची अभिक्रिया होत नाही, आणि केरोसीनपेक्षा घनता जास्त असल्यामुळे तो त्यात बुडून राहतो, म्हणजे हवेशी संपर्कच तुटतो. प्रश्नात सोडियम आणि केरोसीन अशा दोन गोष्टी होत्या. उत्तरात एकच आली.

विजेच्या दिव्याची कुंडली टंगस्टनची का, या प्रश्नातही तेच झालंय. टंगस्टनचा द्रवणांक खूप जास्त, सुमारे ३४०० अंश सेल्सिअस, हे त्याने बरोबर लिहिलं. पण दिव्याला त्याचं काय? वीज वाहिली की तार भयंकर तापते, तापली की प्रकाश देते, आणि द्रवणांक जास्त असल्यामुळे एवढी तापूनही वितळत नाही. हा दुवा डोक्यात असणार, यात मला शंका नाही. कागदावर तो नाही, आणि गुण कागदाला मिळतात.

भूगोलातलं कारण जरा निराळं असतं. तिथे एकच नियम लावून भागत नाही. जागा कुठे आहे, तिथली भूरचना कशी, वारे कुठून येतात, हे दोन-तीन घटक एकत्र आणावे लागतात, म्हणूनच तिथे एका कारणाला तीन गुण असतात. प्रश्न होता, 'ब्राझीलमध्ये नियमित हिमवर्षाव होत नाही.' याने काय केलं, तर ब्राझीलचं सगळं हवामान उतरवून काढलं. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला पाऊस आला, ईशान्येकडचा अवर्षणाचा प्रदेश आला, किनाऱ्यावरचे वारे आले. हिमवर्षाव कुठेच नाही. नकाशा डोळ्यांसमोर आणला असता तर उत्तर तिथेच होतं. देशाच्या उत्तर भागातून विषुववृत्त जातं आणि दक्षिण भागातून मकरवृत्त, म्हणजे बहुतेक देश उष्ण कटिबंधात. तापमान गोठणबिंदूच्या खाली सहसा जात नाही, त्यामुळे बर्फ पडायला लागते तेवढी थंडी नाही. हे झाले दोन गुण. तिसरा गुण 'नियमित' या शब्दात दडलाय. प्रश्न काढणाऱ्याने तो उगाच घातलेला नाही. दक्षिण ध्रुवाकडचे थंड वारे कधी कधी ब्राझीलच्या दक्षिण टोकापर्यंत पोहोचतात आणि तेव्हा तिथे बर्फ पडतं. म्हणून 'होत नाही' असं न म्हणता 'नियमित होत नाही' असं म्हटलंय. 'नियमित', 'सहसा', 'प्रामुख्याने', 'पेक्षा' असले लहान शब्द भूगोलाच्या पेपरात दिसले की तिथे थांबायचं, एवढं त्याला सांगा.

आणि इतिहास. तिथल्या कारणाला नियम नसतो, तिथे दाखला लागतो. 'प्रसारमाध्यमांतून मिळणाऱ्या माहितीचे चिकित्सक आकलन करून घ्यावे लागते' हे विधान सकारण स्पष्ट करायचं होतं. याने प्रसारमाध्यमांचा इतिहास लिहिला. १७८० चं 'बेंगॉल गॅझेट', १८३२ चं 'दर्पण', मग आकाशवाणी, मग दूरदर्शन. वर्षं अचूक, नावं अचूक. परीक्षकाने शेजारी नुसतं प्रश्नचिन्ह काढलंय, आणि तपासताना मीही तेच केलं असतं. विधान म्हणतंय की बातमी जशीच्या तशी खरी मानू नका. मग का मानू नये ते सांगा. माध्यमांतून दर वेळी पूर्ण सत्य समोर येतंच असं नाही, बातमीमागे त्या माध्यमाचं धोरण किंवा हितसंबंध असू शकतो, आणि घाईत पडताळणी राहून जाते. याला दाखला? जर्मनीतल्या 'स्टर्न' या साप्ताहिकाने १९८३ साली हिटलरच्या हस्ताक्षरातल्या म्हणून रोजनिश्या छापल्या आणि त्या पुढे बनावट निघाल्या. असा एक दाखला आणि वरचं एक वाक्य, की दोन गुण पूर्ण. इतिहासात त्याला वाटतं की जितकी सनावळी जास्त तितके गुण जास्त. सनावळी जिथे विचारलीय तिथेच ती उपयोगाची.

जाता जाता एक. इतिहासाच्या पेपरात त्याने 'थोर', 'महान', 'मोलाचा वाटा', 'सिंहाचा वाटा' यांची बरसात केलीय. बाळशास्त्री जांभेकरांवरच्या टिपेत पहिल्या चार ओळी नुसती स्तुती आहे. टिपेला लागतं ते असं: ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं, ते मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, मजकूर मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत, हेतू लोकांना ज्ञान आणि देशोदेशीची माहिती देण्याचा. विशेषणाला गुण नसतो हो! ही सवय भाषणस्पर्धांतून येते असा माझा संशय आहे, पण तो विषय वेगळा.

आता तुमच्या यजमानांच्या म्हणण्याबद्दल. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की मला नेमकं उलटं वाटतं. दहावीच्या पातळीवर शब्दशः पाठ करण्यासारख्या गोष्टी विज्ञानातच जास्त आहेत. व्याख्या, नियम, सूत्रं, एककं, चिन्हांचे संकेत, रासायनिक समीकरणं. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम 'आपल्या शब्दांत' लिहायला गेलं की 'वस्तुमानांच्या गुणाकाराशी समानुपाती' आणि 'अंतराच्या वर्गाशी व्यस्तानुपाती' यातलं काहीतरी सांडतं, आणि सांडलं की नियमच चुकतो. याने 'वर्ग' गाळलाय. तेव्हा व्याख्या आणि नियम घोकून, पाहिजे तर भिंतीवर चिकटवून, पाठच करायचे. इतिहास-राज्यशास्त्रात मात्र पाठ करायची ती नावं, थोडी वर्षं आणि एकेक दाखला. वाक्यं स्वतःची असली तरी बिघडत नाही, उलट बरीच. गाईडमधलं मोठं उत्तर पाठ केलं की ते गाडीच्या डब्यांसारखं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळंच बाहेर येतं. मधला एक डबा तेवढा काढून देता येत नाही. तुमच्या मुलाचं हेच होतंय. म्हणून तुम्ही विचारल्यावर तो धडाधडा सांगतो. तुम्ही पुस्तकातल्या क्रमानेच विचारत असणार, आणि तो पुस्तकातल्या क्रमानेच सांगत असणार.

'फरक स्पष्ट करा' हा प्रकारही एकदा नजरेखालून घाला. वस्तुमान आणि वजन यांतला फरक होता. डाव्या बाजूला त्याने लिहिलं, 'वस्तुमानाचं एकक किलोग्रॅम आहे.' त्याच्या समोर उजवीकडे, 'चंद्रावर वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश भरतं.' दोन्ही खरं, पण यात फरक कुठला? एकीकडे एकक तर समोरही एकक, किलोग्रॅमसमोर न्यूटन. एकीकडे 'सगळीकडे सारखं राहतं' तर समोर 'जागेनुसार बदलतं', आणि चंद्राचं उदाहरण तिथे. एकीकडे अदिश, म्हणजे दिशा नसलेलं, समोर सदिश, म्हणजे दिशा असलेलं. म्हणजे आधी मुद्दा ठरवायचा, मग दोन्ही बाजूंना तोच लिहायचा. हे एकदा जमलं की जीवशास्त्रातलं ऑक्सिश्वसन-विनॉक्सिश्वसन असो की भूगोलातला भारत-ब्राझील फरक, सगळीकडे हेच.

उदाहरणांत तो हुशार आहे, गणित चांगलं असल्याचं दिसतं. तरी भिंगाच्या शक्तीचं उदाहरण गेलं. नाभीय अंतर २० सेंटिमीटर दिलं होतं. त्याने १ भागिले २० केलं आणि ०.०५ लिहून पुढे गेला. शक्ती काढताना नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचं असतं. २० सेंटिमीटर म्हणजे ०.२ मीटर, १ भागिले ०.२ म्हणजे ५, आणि बहिर्वक्र भिंग म्हणून अधिक ५ डायॉप्टर (हे शक्तीचं एकक). उदाहरणात दिलेल्या किमती, सूत्र, किमती घालणं, उत्तर आणि एकक या पायऱ्यांना वेगवेगळे गुण असतात. म्हणजे शेवटचा आकडा चुकला तरी सूत्राचा गुण हातात राहतो, पण सूत्र लिहिलेलंच हवं. गणितात हुशार मुलं तोंडी करून थेट उत्तर लिहितात आणि चुकली की सगळंच जातं. किरणाकृतीत बाण नाहीत, नावं नाहीत. बाणाशिवाय ती रेघ आहे, किरण नाही.

भूगोलात दुसरीही गळती आहे. ४० पैकी नकाशा भरणं, नकाशा वाचणं आणि आलेख मिळून १४ गुण होतात. पेपरातला हा सगळ्यात खात्रीचा भाग, आणि याने तो शेवटच्या पंधरा मिनिटांवर ठेवला. आलेखाला शीर्षक नाही, अक्षांवर काय दाखवलंय ते नाही, प्रमाण नाही. नकाशात चिन्हं काढली पण सूची दिली नाही. यात न येण्यासारखं काही नव्हतं. नकाशा आणि आलेख आधी उरकून टाकायला सांगा, हात ताजा असताना. नकाशा पुरवणीला घट्ट बांधायला विसरू नको हेही सांगा. सुटा नकाशा हरवल्याचं दुःख फार वाईट.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पेपर पाहून मला लिहावंसं वाटतं. विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे पेपर ४० गुणांचे आणि दोन तासांचे. एका गुणाला तीन मिनिटं. भाषेच्या ८० गुणांच्या तीन तासांपेक्षा इथे हात सैल आहे, आणि बोर्डाच्या परीक्षेत अलीकडे शेवटी दहा मिनिटंही जास्त मिळतात. तरी याला वेळ पुरला नाही, कारण दोन गुणांच्या उत्तरावर त्याने पाऊण पान खर्च केलं आणि 'कोणताही एक' असलेल्या पाच गुणांच्या प्रश्नात दोन्ही सोडवले. म्हणजे आधी जास्त लिहिण्याने गुण गेले, आणि मग त्याच जास्तीने पुढचे प्रश्न घाईत गेले. दोन गुणांना चार ओळी, फार तर पाच. तीन गुणांना सात-आठ. कमी लिहिलं म्हणून गुण कापतील ही भीती त्याच्या मनातून काढायला थोडा वेळ लागेल. 'पानं भरली की मार्क पडतात' हे कुणीतरी मोठ्या माणसाने त्याच्या डोक्यात भरवलेलं दिसतंय.

आता तुम्ही घरी काय करायचं. तुम्हाला विज्ञान येत नाही याची बिलकूल अडचण नाही, उलट एका बाबतीत ते सोयीचंच आहे. तो सरावाचं उत्तर लिहील, तेव्हा प्रश्न लिहायचा नाही असं त्याला सांगा. नुसतं उत्तर तुमच्या हातात द्यायचं. तुम्ही ते वाचा आणि प्रश्न काय असेल ते ओळखा. सोडियमचं उत्तर वाचून तुम्ही म्हणाल, 'सोडियमचे गुणधर्म लिहा, असा प्रश्न होता का?' ब्राझीलचं वाचून म्हणाल, 'ब्राझीलच्या हवामानाचं वर्णन करा?' त्यालाच हसू येईल, आणि चूक कुठे आहे हे तुम्हाला समजावून सांगायची गरज उरणार नाही. ज्या उत्तरावरून तुम्हाला प्रश्न अचूक ओळखता येईल, ते उत्तर मुद्देसूद. त्याचे शिक्षक जे एका शब्दात बोलून गेले ते हेच. स्वयंपाक करता करताही हे होईल. त्याने वाचून दाखवायचं, तुम्ही ओळखायचं. तुम्ही मुद्दाम सोपं करू नका मात्र. आईला धडा माहीत असतो म्हणून ती मनातच गाळलेल्या जागा भरते. उत्तरात जेवढं आहे तेवढंच ऐका.

दुसरी गोष्ट लिहिण्याआधीची. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा, शाळेत मिळतात, एससीईआरटीच्या, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, प्रश्नपेढ्याही आहेत. रोज एक प्रश्नपत्रिका घेऊन बसायचं, पण उत्तरं लिहायची नाहीत. प्रत्येक प्रश्नावर बोट ठेवून त्याने मोठ्याने सांगायचं: काय करायला सांगितलंय, किती गुण, आणि मी कोणते दोन किंवा तीन मुद्दे लिहीन. बोट ठेवून म्हणते, पेन्सिलने खुणा करून नव्हे. बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेवर बैठक क्रमांकाखेरीज काही लिहायचं नसतं, तेव्हा खुणा करायची सवयच नको. यात सूचना वाचणंही आलं. चुकीची जोडी नुसती 'ओळखून लिहा' म्हटलंय की 'दुरुस्त करून पुन्हा लिहा', यात फरक आहे. संकल्पनाचित्रात चौकटीपुरते शब्द हवेत, याने वाक्यं कोंबलीत. उताऱ्यावरच्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात असतं, पाठ केलेल्या धड्यात नव्हे. स्वतःचं मत विचारलेला शेवटचा प्रश्न तेवढा वेगळा. एक प्रश्नपत्रिका अशी तोंडी काढायला अर्ध्या तासाच्या वर लागत नाही. आठवड्यातून दोनदा मात्र घड्याळ लावून दोन तासांचा पेपर पूर्ण लिहायचा, तोंडीवर सगळं भागत नाही.

टेस्ट सिरीज लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे पेपर भरपूर लिहून घेतात, पण तपासून येतं ते बऱ्याचदा एक अंक आणि एक रेघ. याला पेपर लिहायचा सराव कमी नाही, लिहिलेल्याकडे परत बघायचा सराव कमी आहे. सहा हजारांत तुम्हाला तेच मिळेल जे पूर्वपरीक्षेने फुकट दिलंय. त्याऐवजी हेच तीन पेपर घेऊन शाळेतल्या विज्ञानाच्या आणि सामाजिक शास्त्राच्या शिक्षकांकडे त्याला एकट्याला पाठवा. 'माझे मार्क का कापले' असं न विचारता 'सर, हे उत्तर दोन गुणांत कसं बसवू' असं विचारायला सांगा. पहिला प्रश्न ऐकला की आम्ही शिक्षक बचावाला उभे राहतो. दुसरा ऐकला की खुर्ची देतो. विज्ञानाचे प्रात्यक्षिकाचे आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत मूल्यमापनाचे २०-२० गुण शाळेतूनच येतात, तेव्हा वह्या आणि जर्नल वेळेवर पुरे करून दिलेत ना, तेही त्याच फेरीत बघून घेऊ द्या.

माझं उत्तर त्याला दाखवा, जरूर दाखवा. पण आधी पेपरातली चार उत्तरं त्याला पुन्हा लिहू द्या: सोडियम, ब्राझील, प्रसारमाध्यमं आणि माहितीचा अधिकार. मी वर लिहिलेलं आधी वाचलं तर तो तेच पाठ करेल, त्याला मी चांगली ओळखू लागलेय. नवी उत्तरं आणि जुनी उत्तरं शेजारी ठेवून त्याचा फोटो पुन्हा पाठवलात तर मी बघेन. विज्ञान भाग २ चा पेपर तुम्ही पाठवलेला नाही, तोही पाठवा.